सँपल सुरू व्हायच्या आधीच वेळ जातोय: लांब ॲनिमेशनमध्ये दर फ्रेमच्या तयारीचा वेळ कसा कमी करायचा

कुपवाड एमआयडीसीतल्या मशीनचा डेमो असो, साताऱ्यातल्या एखाद्या स्कीमचा वॉकथ्रू असो नाहीतर ठिबक सिंचनाची माहिती देणारी फिल्म असो, ब्लेंडरमध्ये थ्रीडी ॲनिमेशन करणाऱ्या इकडच्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो. सँपल (चित्राच्या दर ठिपक्याला किती किरण सोडायचे तो आकडा) ५१२ वरून १२८ वर आणले, डिनॉइज (दाणेदारपणा पुसणं) लावला, तरी फ्रेमला ३०-४० सेकंद लागतातच, आता ग्राफिक्स कार्ड बदलू का? थांबा, आधी हे बघा की त्या ४० सेकंदांत कार्ड खरंच किती वेळ काम करतंय, कारण बऱ्याच फायलींमध्ये अर्ध्याहून जास्त वेळ पहिला सँपल पडायच्या आधीच गेलेला असतो आणि सँपल कितीही कमी केले तरी तो वेळ जागचा हलत नाही.

हिशोब सोपा आहे. ३ मिनिटांची फिल्म, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ४५०० फ्रेम. दर फ्रेमला नुसत्या तयारीत १० सेकंद जात असतील तर ४५,००० सेकंद, म्हणजे साडेबारा तास. एवढा वेळ मशीन चालू, वीज चालू, आणि चित्राचा एक ठिपकासुद्धा रंगलेला नाही.

खालचं सगळं ब्लेंडर आणि त्याचं रेंडर इंजिन सायकल्स धरून लिहिलंय. दर फ्रेमला सायकल्स काय करतं तर सगळे मॉडिफायर (वस्तूचा आकार बदलणारी साधनं) परत मोजतं, मेश (वस्तूच्या आकाराची जाळी) स्वतःकडे कॉपी करून घेतं, टेक्स्चर डिस्कवरून उचलतं, किरण कुठं आदळणार ते पटकन शोधता यावं म्हणून बीव्हीएच बांधतं, हे सगळं कार्डवर चढवतं आणि मग रेंडर सुरू. फ्रेम संपली की मेमरी मोकळी, पुढच्या फ्रेमला पुन्हा शून्यापासून. तमाशाचा फड एकाच गावात आठ दिवस असेल तर रोज रात्री तंबू उतरवून सकाळी परत उभा करत नाहीत, पण आपण सांगितल्याशिवाय सायकल्स नेमकं तेच करतं.

यावर पर्सिस्टंट डेटा नावाचं एक टिकमार्क आहे हे बऱ्याच जणांना माहीत असतं. ते टिक करतात, फरक पडत नाही आणि सोडून देतात. फरक पडत नाही कारण ते शेवटी करायचं काम आहे. आधी सीनच तसा लावावा लागतो, म्हणून क्रम बदलू नका.

## टप्पा १: आधी मोजा, मग हात लावा

फाइलची कॉपी करा. त्या कॉपीत सँपल १ करा, डिनॉइज बंद करा, बाकी कशालाही हात लावू नका. आता एक फ्रेम रेंडर करा. जो वेळ येईल तो जवळजवळ सगळा तयारीचा आणि सेव्हिंगचा. असं तीन फ्रेमवर करा, एक रिकामी फ्रेम, एक गर्दीची आणि एक जिथं सिम्युलेशन किंवा कॅरेक्टर चालू आहे अशी. आकडे कागदावर लिहून ठेवा.

मग कन्सोल उघडा. विंडोजवर वरच्या विंडो मेनूत टॉगल सिस्टिम कन्सोल आहे, लिनक्सवर ब्लेंडर टर्मिनलमधूनच चालू करा. खिडकीतून रेंडर लावलं तर रेंडर विंडोच्या वरच्या पट्टीत आणि कमांड लाइनवरून लावलं तर कन्सोलमध्ये ओळी पळत जातात, त्यातली कुठली ओळ अडून बसते तेवढं बघायचं:

- सिंक्रोनायझिंग ऑब्जेक्टवर अडतंय: मॉडिफायर, जॉमेट्री नोड्स (नोड जोडून मेश बनवायची पद्धत), हेअर किंवा ऑब्जेक्टची संख्या. टप्पा २ आणि ३.
- अपडेटिंग इमेजेसवर अडतंय: टेक्स्चर. टप्पा ५.
- बीव्हीएच बिल्डिंगवर अडतंय: पॉलिगॉन जास्त, नाहीतर इन्स्टन्स (एकाच मेशच्या नकला) नीट नाहीत. टप्पा ३.
- लाइट्सच्या इम्पॉर्टन्स मॅपवर अडतंय: एचडीआरआय, म्हणजे सीनला प्रकाश देणारं आकाशाचं चित्र. तेही टप्पा ५ मध्ये.

लोडिंग रेंडर कर्नल्सवर पहिल्यांदा बराच वेळ गेला तर घाबरू नका. नवीन व्हर्जन किंवा नवीन ग्राफिक्स ड्रायव्हर टाकल्यावर ते एकदा होतं, तो वेळ हिशोबात धरायचा नाही.

तपासा: पूर्ण फ्रेमला ६० सेकंद लागतात आणि १ सँपलला ३ सेकंद, असं आलं तर तुमचा प्रश्न तयारीचा नाहीच. तुम्ही नॉइज थ्रेशोल्ड, लाइट बाउन्स तिकडं बघा, हा लेख इथंच सोडा. १ सँपललाच २० सेकंद लागत असतील तर पुढं वाचा.

## टप्पा २: हलणारं आणि न हलणारं वेगळं करा

सगळ्यात जास्त फायदा इथं आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथंच होतं.

नियम असा की ऑब्जेक्ट नुसता जागेवरून हलला, फिरला तर त्याचा मेश परत बांधावा लागत नाही, जागेची माहिती तेवढी बदलते. पण मेशचा आकार बदलला, किंवा बदलू शकतो असं ब्लेंडरला वाटलं, तर तो अख्खा मेश दर फ्रेमला परत मोजला जातो, त्याचा बीव्हीएच परत बांधला जातो.

आता मशीनची फाइल घ्या. कॅडमधून आलेलं मॉडेल, बॉडी, फ्रेम, बोल्ट, शाफ्ट, पुली सगळं कंट्रोल जे मारून एकच मेश केलेला, त्याला आर्मेचर (हाडांचा सांगाडा) लावलेलं, आणि फिरतंय काय तर एकटा शाफ्ट. त्या एका शाफ्टपायी लाखो पॉलिगॉनचा ढीग दर फ्रेमला नव्याने मोजला जातो. यात करायचं काय:

१. एडिट मोडमध्ये जाऊन हलणारे भाग पी दाबून वेगळे करा.
२. शाफ्ट, पुली, दार, चाक असले कडक भाग, म्हणजे जे वाकत नाहीत, त्यांना आर्मेचर मॉडिफायर आणि वेट पेंट लावू नका. सरळ बोनला पेरेंट करा. हालचाल तीच दिसते, मेश मात्र हात न लावता तसाच राहतो.
३. जे खरंच वाकतं, बेल्ट, केबल, माणूस, तेवढ्यालाच आर्मेचर मॉडिफायर.

मग चोरट्या गोष्टी शोधा, म्हणजे दिसायला स्थिर पण आतून ॲनिमेटेड. शेप कीवर (मेशच्या साठवलेल्या आकारांवर) जुन्या कीफ्रेम राहिलेल्या असतात, व्हॅल्यू सगळीकडे सारखीच, पण कीफ्रेम आहे म्हटल्यावर ब्लेंडर दर फ्रेमला मोजणारच. एखाद्या व्हॅल्यूला लावलेल्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सूत्रात, फ्रेम नंबर वापरलेला असतो. श्रिंकरॅप किंवा बूलियन मॉडिफायर एखाद्या हलणाऱ्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवत असतो. जॉमेट्री नोड्सच्या झाडात एका कोपऱ्यात सीन टाइम जोडलेला असतो, मग पानं हलवण्यासाठी लावलेल्या त्या एका नोडमुळे जमीन, दगड, कुंपण सगळंच दर फ्रेमला नवीन तयार होतं. हलणाऱ्या भागाचा नोड सेटअप वेगळ्या ऑब्जेक्टवर टाका आणि न हलणारा वेगळा ठेवा.

मशीनचं सेक्शन दाखवायला हलता बूलियन कटर बरेच जण वापरतात आणि दिसतंही छान, पण तो फक्त त्या शॉटपुरता वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. बाकीच्या ४००० फ्रेमनी त्याचा भार का सोसायचा?

सावधान: स्थिर ऑब्जेक्टवरचे मॉडिफायर अप्लाय करणार असाल तर मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवाच. क्लायंट बदल सांगणार हे ठरलेलं असतं.

## टप्पा ३: एकच वस्तू हजारदा असेल तर ती एकदाच बांधली गेली पाहिजे

समजा तासगावकडच्या द्राक्षबागेचा शॉट आहे. मांडव, वेली, पानं, घड. हजार वेली लावल्या आणि त्या शिफ्ट डी ने लावल्या तर हजार वेगळे मेश, हजार बीव्हीएच, मेमरीही हजारपट. ऑल्ट डी ने लावल्या तर मेश एक आणि जागा हजार.

पण इथं एक खाच आहे जी फार जणांना माहीत नसते. ऑल्ट डी केलेल्या प्रत्येक वेलीवर सबडिव्हिजन किंवा दुसरा कुठलाही मॉडिफायर शिल्लक असेल तर ब्लेंडर प्रत्येकीचा मॉडिफायर वेगवेगळा मोजतं आणि मेश एकच असल्याचा रेंडरमध्ये फायदा मिळत नाही. शिवाय नंतर अप्लाय करायला गेलात तर मल्टी युजर डेटाची अडचण येते. म्हणून क्रम असा: एक वेल पूर्ण तयार करा, मॉडिफायर अप्लाय करा, मग ऑल्ट डी. नाहीतर ती वेल एका कलेक्शनमध्ये टाका आणि कलेक्शन इन्स्टन्स वापरा, किंवा जॉमेट्री नोड्सने पसरा. नोड्सने पसरताना शेवटी रिअलाइज इन्स्टन्सेस नोड नको. ट्युटोरियल बघून तो सवयीने लावला जातो आणि सगळी बाग परत एक अजस्र मेश होऊन बसते.

वाऱ्याने वेली हलायला हव्यात? प्रत्येकीवर वेगळा मॉडिफायर लावू नका. हलणाऱ्या वेलीचे ४-५ प्रकार करा आणि तेच पाच सगळीकडे पसरा, थोडं फिरवून, थोडं लहानमोठं करून. दर फ्रेमला पाचच मेश बदलतील आणि बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. कासच्या पठारावरची फुलं करायची असतील तरी हीच पद्धत.

उलट बाजूही लक्षात घ्या. हजारो बारीक, एकमेकांपासून वेगळे, कधीच न हलणारे ऑब्जेक्ट असतील, जसे कॅडमधून आलेले वॉशर, स्क्रू, लेबलं, तर त्या प्रत्येकाची नोंद घेण्यातच सिंकचा वेळ जातो. ते एकत्र जोडलेले बरे. फक्त न हलणारं न हलणाऱ्यालाच जोडा. आणि मशीनच्या आतले, कधीच न दिसणारे भाग सरळ काढून टाका.

सबडिव्हिजनची रेंडर लेव्हल बघा. दर लेव्हलला चौकोन चौपट होतात, म्हणजे २ ची ४ केली की १६ पट. लांबच्या बिल्डिंगला, मागच्या झाडाला ४ कशाला? ॲडॅप्टिव्ह सबडिव्हिजन तर कॅमेऱ्याच्या अंतरावर मेश कापतं, त्यामुळे एका चित्राला मस्त पण फिरत्या कॅमेऱ्याच्या लांब शॉटला महाग. लांबून दिसणाऱ्या भिंतीला, रस्त्याला बंप पुरतो.

सावधान: आउटलायनरमधला डोळा बंद केला म्हणजे वस्तू रेंडरमधून गेली असं नाही. डोळा फक्त व्ह्यूपोर्टपुरता. रेंडरमधून काढायला कॅमेऱ्याचं चिन्ह बंद करा, नाहीतर अख्खं कलेक्शन व्ह्यू लेयरमधून एक्सक्लूड करा. जुनी व्हर्जनं डोळा बंद करून फाइलमध्ये ठेवायची सवय असेल तर हे आज रात्रीच बघा. आणि व्ह्यू लेयर चार असतील तर तयारी चारदा होते, नको असलेले लेयर काढा.

## टप्पा ४: सिम्युलेशन बेक करा

कापड, पाणी, धूर, रिजिड बॉडी, सिम्युलेशन झोन, सगळं रेंडरच्या आधी बेक झालेलं, म्हणजे मोजून डिस्कवर साठवलेलं पाहिजे. बेक नसेल तर दोन त्रास होतात. एक म्हणजे दर फ्रेमला गणित होत बसतं. दुसरा जास्त वाईट, रेंडर बंद पडून फ्रेम ९०० पासून परत सुरू केलं की कापड भलत्याच आकारात येतं, कारण सिम्युलेशनला आधीच्या फ्रेम मिळालेल्याच नसतात.

बेक केलेला कॅशे, अलेम्बिक किंवा व्हीडीबी फायली त्याच मशीनच्या एसएसडीवर ठेवा. ऑफिसच्या शेअर फोल्डरवरून किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवरून वाचत असाल तर दर फ्रेमला तिथं थांबावं लागतं.

तपासा: ब्लेंडर पूर्ण बंद करून परत उघडा, मधलीच एखादी फ्रेम टाइप करून तिथं उडी मारा. सिम्युलेशन बरोबर दिसलं तर बेक खरा आहे.

## टप्पा ५: टेक्स्चर

जेपीजीची फाइल डिस्कवर ५ एमबी असली तरी मेमरीत ती उघडून बसते. ४०९६ बाय ४०९६ चं साधं ८ बिट टेक्स्चर ६४ एमबी घेतं आणि ८के चं २५६ एमबी. एका मटेरियलला कलर, रफनेस, नॉर्मल असे तीन ८के लावले की पाऊण जीबी गेला, तेही मागच्या भिंतीसाठी. कॅमेरा जवळ जातो तिथंच मोठं टेक्स्चर ठेवा, बाकीची खरोखर लहान करून सेव्ह करा. घाई असेल तर सिम्प्लिफायमध्ये टेक्स्चर लिमिट आहे, पण ते सगळ्यांनाच लागतं, जवळच्या वस्तूलाही.

आकाशाच्या एचडीआरआयला इम्पॉर्टन्स मॅप बनतो. वर्ल्डच्या सेटिंगमध्ये सँपलिंग मॅन्युअल करून मॅप रिझोल्यूशन १०२४ करून बघा. आणि टीव्ही स्क्रीनवर व्हिडिओ लावलेला असेल तर ते टेक्स्चर दर फ्रेमला नवीन येणारच, मग निदान ते लहान ठेवा.

## टप्पा ६: आता पर्सिस्टंट डेटा

रेंडर प्रॉपर्टीज, त्यात परफॉर्मन्स, त्यात फायनल रेंडर, तिथं पर्सिस्टंट डेटा. टिक करा. आता न बदललेला माल मेमरीतच राहतो आणि पुढच्या फ्रेमला फक्त बदललेलं तेवढं मोजलं जातं. टप्पा २ आणि ३ नीट केले असतील तर इथं आकडा पडताना दिसेल.

हे तपासताना सगळे एक चूक करतात. एक फ्रेम रेंडर करून बघतात आणि म्हणतात काही फरक नाही. पहिल्या फ्रेमला फरक पडणारच नाही, तिथं सगळं पहिल्यांदा बांधलं जातं. सलग ६-७ फ्रेम ॲनिमेशन म्हणून काढा आणि तिसऱ्या-चौथ्या फ्रेमचा वेळ टप्पा १ मधल्या कागदाशी ताडून बघा.

मेमरी जास्त लागते हे मान्य करूनच हे चालू करायचं. कार्डची मेमरी भरली की वेग पडतो किंवा रेंडर थांबतं, म्हणून टप्पा ५ आधी.

याच्या जोडीला आणखी दोन-तीन गोष्टी आहेत. आरटीएक्स कार्ड असेल तर प्रेफरन्सेसमध्ये कुडाऐवजी (CUDA) ऑप्टिक्स (OptiX) निवडा, कारण ऑप्टिक्स बीव्हीएच कार्डवरच बांधतं, कुडाला तो प्रोसेसरवर बांधावा लागतो. सीपीयूवर रेंडर करत असाल तर स्पेशियल स्प्लिट्स (Spatial Splits) बंद ठेवा. ते बांधायला जास्त वेळ घेतं, एका मोठ्या स्थिर चित्राला परवडतं, पण २० सेकंदांच्या फ्रेमला नाही. मोशन ब्लर चालू असेल तर सीन फ्रेमच्या आगेमागेही मोजला जातो, म्हणून कडक वस्तूंच्या ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमध्ये मोशन ब्लरखालचं डिफॉर्मेशन काढा आणि स्टेप्स १ च ठेवा. पंख्यासारख्या जोरात फिरणाऱ्या वस्तूलाच स्टेप्स वाढवा.

तपासा: कुठल्या फ्रेमला एखादी वस्तू गायब होते किंवा नवी येते ते शोधा. त्या फ्रेमच्या ५ आधीपासून ५ नंतरपर्यंत सलग काढा, मग तीच फ्रेम ब्लेंडर नव्याने उघडून एकटी काढा. दोन्ही चित्रं हुबेहूब पाहिजेत. मेमरीत ठेवलेली वस्तू अपडेट न होता तशीच राहिली तर ती इथंच सापडते, क्लायंटपुढं नाही.

## टप्पा ७: रेंडर लावण्याची पद्धत

रेंडर कमांड लाइनवरून लावा, म्हणजे व्ह्यूपोर्टची मेमरी वाचते. खिडकीतूनच लावायचं असेल तर रेंडर मेनूत लॉक इंटरफेस टिक करा.

कमांडमध्ये क्रम महत्त्वाचा आहे, कारण ब्लेंडर डावीकडून उजवीकडे एकेक गोष्ट वाचत आणि करत जातं. आधी मायनस बी (-b), मग फाइलचं नाव, मग मायनस ओ (-o) आणि आउटपुटचा पत्ता, मग मायनस एस (-s) आणि सुरुवातीची फ्रेम, मायनस ई (-e) आणि शेवटची, आणि सगळ्यात शेवटी मायनस ए (-a). मायनस ए आधी लिहिलं तर ब्लेंडर फाइलमधल्या जुन्या फ्रेम रेंजवर रेंडर सुरू करून मोकळं होतं.

दुसरी मोठी चूक म्हणजे बॅच फाइलमध्ये लूप लावून प्रत्येक फ्रेमसाठी मायनस एफ (-f, एकच फ्रेम काढायची कमांड) वापरणं. त्यात दर फ्रेमला ब्लेंडर नवीन उघडतं, फाइल नवीन वाचतं, पर्सिस्टंट डेटाचा पूर्ण फायदा मातीत. तुकडे पाडायचे तर २५०-५०० फ्रेमचे पाडा, १० चे नको, कारण प्रत्येक तुकड्याची पहिली फ्रेम पूर्ण तयारीची असते.

आउटपुट नेहमी इमेज सिक्वेन्स, थेट व्हिडिओ नाही. पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही आणि अर्धवट व्हिडिओ फाइल बऱ्याचदा उघडतसुद्धा नाही. सिक्वेन्स असेल तर राहिलेल्या फ्रेमपासून पुढं. पीएनजीचं कॉम्प्रेशन १०० टक्के ठेवू नका, मूळचं १५ पुरे. कन्सोलमध्ये फ्रेम सेव्ह झाल्याच्या ओळीत सेव्हिंगचा वेळ वेगळा दिसतो, तिथं खात्री होते.

एवढं करूनही तयारीचा वेळ उरलाच, उदाहरणार्थ कॅरेक्टर जास्त आहेत, तर आउटपुटमध्ये ओव्हरराइट बंद आणि प्लेसहोल्डर्स चालू करून तीच कमांड दोन टर्मिनलमध्ये लावा. एक ब्लेंडर प्रोसेसरवर तयारी करत असताना दुसरं कार्ड वापरतं, आणि एकमेकांच्या फ्रेमला हात लावत नाहीत. मात्र दोन्ही सीन एकाच वेळी कार्डच्या मेमरीत मावले पाहिजेत, हे आधी बघा.

सावधान: प्लेसहोल्डर म्हणजे फ्रेम सुरू होताना बनवलेली शून्य बाइटची रिकामी फाइल. मध्येच लाईट गेली की ती तशीच राहते, आणि ओव्हरराइट बंद असल्याने परत लावल्यावर ब्लेंडर ती फ्रेम झाली समजून पुढं जातं. म्हणून परत सुरू करण्याआधी आणि सगळं संपल्यावरही फोल्डर साइजप्रमाणे लावा, शून्य बाइटच्या आणि बाकीच्यांपेक्षा फारच लहान असलेल्या फायली उघडून बघा, खराब असतील त्या डिलीट करा आणि तीच कमांड परत चालवा, राहिलेल्या तेवढ्याच फ्रेम निघतील.